नेवंदरामचं मत

कलेक्टर ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आठ बाय सहा.
नेवंदराम पहिल्यांदा आला तेव्हा
त्याचं सगळं आयुष्य प्लास्टिकच्या पिशवीत होतं,
वर रबरबँड.
'ताई, दोन-दोन कॉप्या. साफ काढा.
साहेब म्हणतात, माझा चेहरा काळा येतो.'

मूळ घोटकीचा. तीर्थयात्रेचा व्हिसा काढून निघाला
आणि जरीपटक्यात मावसभावाच्या गच्चीवर उतरला.
बायको, तीन पोरं, एक शिलाई मशीन.
मशीन सीमेवर उघडून पाहिली म्हणे,
बॉबिनसुद्धा.

मग चौदा वर्षं
तोच गठ्ठा, तोच अर्ज.
'येथे राहण्याचे कारण' या रकान्यात
मीच लिहून द्यायची : कुटुंबासह वास्तव्य.
तो म्हणायचा, 'लिहा ना, कूलर दुरुस्त करतो.
मे महिन्यात माझ्यावाचून नागपूर झोपत नाही.'
रकाना लहान होता.

गोंदियाला मेव्हणीच्या लग्नाला जायचं
तरी आधी ठाण्यात विचारून.
तोंडाला मात्र परवानगी लागत नव्हती.
भुजाडेच्या टपरीवर चहा उकळेपर्यंत
तो सरकार दोनदा पाडायचा, एकदा उभं करायचा.
सिमेंटचा रस्ता त्याच्या उंबऱ्याच्या वर चढला
तेव्हा तर आठवडाभर तेच :
'पाणी कुठे जाईल सांगा. वर चढेल?
पाण्याला काय नगरसेवक ओळखतो?'
भुजाडे एकदा चिडला,
'एवढंच खुपते त जा ना बे आपल्या गावाले.'
नेवंदरामनं बशी खाली ठेवली.
'जातो. सिमेंट ओलं आहे, वाळू दे.'
सगळे हसले, भुजाडेही.
त्या दिवशी भुजाडेनं चहाचे पैसे घेतले नाहीत.
नेवंदरामनं ते बरणीखाली ठेवले आणि गेला.

निवडणुकीत गल्लीत हात जोडत टोळ्या यायच्या.
तोही हात जोडायचा,
पत्रकं सगळ्यांची घ्यायचा.
हेमीबाई आतून म्हणायची, सांगून टाका,
आपलं नाव नाही यादीत.
'कशाला? पाच वर्षांतून एकदा
कुणी वाकून नमस्कार करतं. घेऊ दे की.'

एकदा त्यानं विचारलं, 'ताई,
डोक्यात असतं तेही मत
आणि पेटीत टाकतात तेही मत?'
हो.
'एकच शब्द?'
एकच.
'म्हणजे मला अजून अर्धीच मराठी येते.'

मी हसले.
मागच्या मतदानाला मी गेलेच नव्हते.
ऊन फार होतं, आणि दुकान.
ते त्याला सांगितलं नाही.

चौदाव्या वर्षी त्याचं प्रमाणपत्र आलं.
लॅमिनेशनला घेऊन आला.
मी म्हटलं, नका करू,
उद्या कुणी मागची बाजू मागेल.
हेमीबाईचं अडकलं होतं :
एका कागदावर हेमी, दुसऱ्यावर हेमा.
एक काना, एक वेलांटी,
मधे बाई.

मतदानाला तापमान त्रेचाळीस.
या वेळी मीही रांगेत.
शाळेच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली
हेमीबाई उभी, दोघांचे मोबाइल हातात धरून.
तो बाहेर आला तो बोट जरा दूर धरून,
चटका लागल्यासारखा.
'कोनाले देल्लं?' भुजाडेनं विचारलं.

न विचारता चौदा वर्षं सांगणारा माणूस
गप्प.

हेमीबाईनं त्याचा फोन त्याच्या खिशात घातला
आणि मला म्हणाली,
'रात्रभर भांडलो आम्ही.
बटण यांनी दाबलं. मत माझं होतं.'

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
स्कूटरला दोन किका मारल्या, तिसरीला सुरू झाली.
धरमपेठेत कुणाच्या तरी कूलरचा पंप
सकाळपासून बंद होता.